जागा बघायला निघालेलं स्टूल

त्या दिवशी हवा मोठी लबाड होती. फेब्रुवारी संपत आलेला. सकाळी स्कूटीवरून निघालो तेव्हा भीमरावांनी मफलर कानांवरून गुंडाळला होता. दुपारी बिबवेवाडीत तोच मफलर घाम पुसायच्या कामाला लागला.

मी घडीचं स्टूल बोलतोय. दिसायला किरकोळ आहे, पण बसणाऱ्याचं वजन आणि स्वभाव दोन्ही मला कळतात. शाळा शिकलो नाही. मतदानाच्या रांगेत भीमरावांना बसायला म्हणून एकदा शाळेत नेलं होतं, तेवढंच आमचं शिक्षण.

माझा जन्म भोसरीच्या कारखान्यातला. नव्या मशिनी आल्या, तशी माणसं जास्त झाली. भीमरावांना मुदतीआधीच घरी पाठवलं. साहेब म्हणाले, "आता निवांत बसा." बसायला मात्र काही दिलं नाही. ते वेल्डर सीतारामनं मनावर घेतलं. भंगारातला पाइप जोडला, वर निवारपट्टी आवळली आणि मला भीमरावांच्या हाती दिलं. घाईत एक सांधा तिरका बसला, त्यामुळे मला चिमटा काढायची खोड लागली. मालकाला काढत नाही. कसं बसायचं ते त्यांना ठाऊक आहे.

पुढं आमची येरवड्याची खोली पाडायचं ठरलं. तिथं मोठी इमारत होणार होती. घरात माणसं दोनच, भीमराव आणि त्यांची नात आम्रपाली. ती हडपसरकडच्या कॉम्प्युटरच्या कंपनीत. दुपारची पाळी, परत यायला अंधार. कंपनीची गाडी चौकात सोडायची, पुढं पायी. तिच्या पगारात बसेल आणि अंधारात बिनघोर चालता येईल, अशी जागा महिनाअखेर मिळायला हवी होती. नाही मिळाली तर ती होस्टेलवर, भीमराव गावी लेकाकडे. माझ्याबद्दल कोणी बोललं नाही, पण भंगारवाल्याची हाक आली की मी जरा अंग चोरून उभा राहायचो.

भीमरावांची जागा बघायची तऱ्हा वेगळीच. एजंट नळ सोडून दाखवतो, खिडकी उघडून दाखवतो. भीमराव म्हणायचे, "खोली तू बघ बाई. मी गल्ली बघतो." सुटीच्या दिवशी आम्रपाली त्यांना एखाद्या गल्लीच्या तोंडाशी सोडायची, आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसून राहायचो.

सदाशिव पेठेत एका दारासमोर मला मांडलं, तर आतून बाई आल्या. म्हणाल्या, "स्टूल बरोबर आणलंत, बरं केलंत. आम्ही कुणाला बसा म्हणत नाही." दार लावलं. भीमराव दिवसभर गालात हसत होते. गल्ली खरं तर चांगली होती. भाडं ऐकलं आणि मी आपणहून मिटलो.

कर्वेनगरात पोरं येऊन समोर गाड्या लावायची. "काका, लक्ष ठेवा हां." भीमराव खरंच लक्ष ठेवत बसले, आणि गल्ली बघायची राहूनच गेली.

मग एक सोसायटी. तिथल्या सेक्रेटरींनी बाकी सगळं गोड बोलून झाल्यावर विचारलं, "आपलं आडनाव काय म्हणालात?"

"अजून म्हणालो नाही," भीमराव म्हणाले, आणि सांगितलं.

"अरेरे. सकाळीच एकाला शब्द दिला हो." असं म्हणून ते दमल्यासारखे माझ्यावर टेकले. फाटकावरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी जागच्या जागी होती. मी माझं काम चोख केलं. सेक्रेटरी उठले ते मांडी धरूनच.

असं करत आम्ही त्या लबाड हवेच्या दिवशी बिबवेवाडीत आलो. गल्लीत मुक्ताईंची पिठाची गिरणी. आम्ही समोरच बसलो. जरा वेळानं पिठानं पांढऱ्या झालेल्या मुक्ताई बाहेर आल्या.

"कोण पाहिजे, बाबा?"

"कोणी नाही."

"मग?"

"बघतोय."

"काय बघताय?"

भीमराव पडले सरळ माणूस. शांतपणे म्हणाले, "कोण येतं, कोण जातं. दारं कधी लागतात. अंधारात कुणाचं लक्ष असतं का."

मुक्ताईंनी गिरणी बंद केली. गल्ली एकदम गप्प झाली आणि सगळी दारं उघडली. "आधी असंच म्हातारं माणूस पाठवतात टेहळणीला," कोणीतरी म्हणालं. मुक्ताईंचे यजमान वैजनाथराव आले आणि त्यांनी मला उचलून ताब्यात घेतलं. मी त्यांनाही चिमटा काढला. चोराचा साथीदार म्हणून धरलंच आहे, तर हातून काहीतरी घडलेलं बरं.

आम्रपाली स्कूटीवरून आली तेव्हा भीमराव माणसांच्या गराड्यात उभे. चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा फुललेला.

"आबा, काय केलंत?"

"आमू, जागा मिळाली."

"कुठली?"

"ते अजून विचारलं नाही," भीमराव म्हणाले आणि मुक्ताईंकडे वळले. "बाई, इथं एखादी खोली रिकामी आहे का?"

आधी वैजनाथराव हसले, मग गल्ली हसली. मुक्ताई नाही हसल्या. आम्रपालीला म्हणाल्या, "पोरी, आजोबांना असं उन्हात बसवतात का?" मग सगळं ऐकून घेतलं. गिरणीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडं आवाक्यातलं. भीमरावांनी न विचारताच आडनाव सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

"ते राहू द्या," मुक्ताई म्हणाल्या. "पाणी पहाटे येतं. भरायला उठाल का, ते सांगा."

आम्ही महिनाअखेरच्या आत आलो. आता माझी निवार सैल झालीय, अंगावर कायम पिठाचा थर असतो, आणि गिरणीत दळण घेऊन आलेलं कोणीही माझ्यावर बसतं. चिमटाही खातं. तुम्ही जागा शोधत असाल तर माझं एक ऐका. फरशी, नळ बघाच. पण गल्लीत जरा वेळ बसून बघा. घाई करू नका.

पहिल्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली. गल्लीभर काळोख. आम्रपालीची गाडी यायची वेळ झालेली. भीमराव चौकापर्यंत जायला म्हणून माझ्यावरून उठले, चप्पल चाचपायला लागले. गिरणीच्या पायरीवरून मुक्ताईंचा आवाज आला:

"बसा हो आबा. तुमची पोरगी चौकात उतरली की आधी आम्हाला दिसते, मग तुम्हाला."