अकरावा धडा

अमेरिकेहून शिकवायला आलेल्या एबिगेलने सफरचंदाचं चित्र उंच धरलं आणि चर्चच्या हॉलमधल्या एकवीस बायकांनी जन्मात सफरचंद पाहिलं नसावं असे चेहरे केले. लबीबाने तर गालावर हात ठेवला. तिचं सोंग दरवर्षी जरा जास्तच रंगायचं.

इन्साफ मात्र आज नुसती पाय हलवत बसली होती. गेली नऊ वर्षं दर जुलैत अमेरिकेतल्या कुठल्याशा चर्चचं पथक नाईलकाठच्या या गावात दहा दिवसांसाठी येई, दहा धडे इंग्रजी शिकवी, शेवटच्या दिवशी बायकांची घोकंपट्टी मोबाइलवर टिपून घेई आणि डोळे पुसत परत जाई. पुढच्या वर्षी नवी माणसं, पुन्हा पहिला धडा. पाळक वदीअ यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, लेकरं पदरमोड करून येतात, त्यांचा हिरमोड करू नका, येत नाही असंच दाखवा. पाहुण्याचं मन मोडायचं नसतं, हे या बायकांना वेगळं शिकवायला नको होतं. इन्साफनेही नऊ वर्षं इमानेइतबारे अडाण्याचं सोंग वठवलं.

पण कॅनडातली तिची नात लिया आता सहा वर्षांची झाली होती आणि पोरीला अरबीचा गंधही नव्हता. दर शुक्रवारी मुलगा रमझी फोन लावून लेकीला पुढ्यात बसवायचा आणि इन्साफ तिला इंग्रजीत सांगायची, माझं नाव इन्साफ, मी इजिप्तची, हे सफरचंद आहे. सुरुवातीला पोर हसायची. गेल्या शुक्रवारी मात्र तिने बापाकडे वळून काहीतरी विचारलं आणि उठून निघून गेली.

"काय म्हणाली रे ती?"

रमझीने बरेच आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "आजी नेहमी तेच का बोलते, असं म्हणत होती."

हे वाक्य आठवडाभर इन्साफच्या मनातून जात नव्हतं. दहा धड्यांत सगळं सांगणंच होतं. विचारणं अकराव्यापासून सुरू व्हायचं, आणि तो धडा या हॉलमध्ये आजवर कुणी उघडला नव्हता. उद्या पुन्हा शुक्रवार होता.

"रमझीच्या आई, तुम्ही म्हणून दाखवा," पाळकांनी एबिगेलचं म्हणणं अरबीत सांगितलं.

इन्साफ उठली. सफरचंद झालं आणि ती थांबलीच नाही. घरची माणसं, वार, रंग, घड्याळ, बाजारातली भाजी, दहाच्या दहा धडे तिने एका दमात म्हणून टाकले आणि घाम पुसत खाली बसली.



"घातलास गोंधळ," लबीबा कुजबुजली. "आता आल्या पावली परत जाईल ती."

पाळकांचे कान लाल झाले. एबिगेलने हातातल्या चित्रांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. जेमतेम एकोणीस वर्षांची पोर. आता ही रडणार, असं इन्साफला वाटलं. एबिगेल हळू आवाजात काही बोलली. पाळकांना ते अरबीत सांगायला जरा वेळच लागला.

"ती म्हणते, तिलाही दहाच धडे शिकवून पाठवलंय."

आधी लबीबा हसली. मग हॉलभर हशा पिकला, आणि चित्रांचा गठ्ठा तोंडापुढे धरून एबिगेलच सगळ्यांत जास्त हसली. हसू आवरत तिने इन्साफच्या शेजारी खुर्ची ओढली.

"तुम्हाला काय बोलायचंय, असं विचारतेय," पाळक म्हणाले.

"नातीला विचारायचंय, आज काय खाल्लंस."

"एवढंच?"

"आजीनं दुसरं काय विचारायचं असतं, पाळकसाहेब?"

दुपारभर एकवीस बायका एबिगेलने शिकवलेला तोच प्रश्न एकमेकींना इंग्रजीत विचारत राहिल्या. लबीबाने तो एबिगेललाही विचारला. घाबरून त्या पोरीने सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं, हे कळल्यावर वर्ग तासभर बंद पडला आणि डबे उघडले.

शुक्रवारी संध्याकाळी फोन लागला तेव्हा इन्साफ तो प्रश्न मनात घोळवत होती. मागे लबीबा आणि एबिगेल श्वास रोखून उभ्या होत्या. पलीकडे लिया आधीच चुळबुळत होती. इन्साफने इंग्रजीत विचारलं, आज काय खाल्लंस?

लिया चुळबुळायची थांबली. तिने फोन जवळ ओढला आणि बोलायला लागली. बोटांवर मोजत, मधेच आठवत, पुन्हा मागे जात बोलत सुटली. इन्साफला त्यातलं अवाक्षर कळेना. उत्तर कसं समजून घ्यायचं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. एबिगेल मदतीला पुढे झाली तेव्हा इन्साफने तिला हातानेच थांबवलं. तिला एवढा आनंद झाला होता की मधे कुणी नको होतं. तेवढ्यात त्या बोलण्यातून एक ओळखीचा शब्द निघाला.

"ॲपल?" इन्साफने विचारलं.

लिया ताडकन उठून निघून गेली. फोनमध्ये नुसती रिकामी खुर्ची उरली. इन्साफने लबीबाचा हात घट्ट धरला.

मग धावत्या पावलांचा आवाज आला. लियाने अर्धं खाल्लेलं सफरचंद फोनपुढे उंच धरलं आणि आता तू म्हण, अशा नजरेनं ती आजीकडे बघत राहिली.