नकाराआधीचा फोन

ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत आर्डिथ कुचेरा कॉफी सोडत असे. म्हणून लिंकनच्या विधानभवनात सुनावणीची वाट बघताना तिच्या हातात नुसत्या गरम पाण्याचा पेला होता. अमेरिकेतल्या या नेब्रास्का राज्यात प्रत्येक विधेयकावर कुणालाही बोलता येतं. आधी बाजूचे बोलतात, मग विरोधातले, शेवटी ना इकडचे ना तिकडचे.

विधेयकाच्या बाजूने बोलायला खुर्चीवर पहिली बसली ती लव्हॉन. एके काळी आर्डिथच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी लव्हॉन आता राज्याच्या विमा खात्यात होती, आणि हे विधेयक तिनेच लिहिलं होतं. विमा कंपन्यांच्या वतीने लोकांचे दावे बघणाऱ्या मधल्या कचेऱ्यांसाठी होतं ते. पश्चिमेकडच्या एका कचेरीने लोकांनी भरलेले हप्ते स्वतःच वापरले होते, आणि माणसं इस्पितळात गेल्यावर त्यांना कळलं की आपला विमाच उरलेला नाही. ते ऐकताना आर्डिथचेही डोळे भरले. कायदा हवाच होता. पण त्यातल्या एका कलमाने तिची झोप उडाली होती: कंपनीने मंजूर केलेल्या छापील मजकुराखेरीज कचेरीने विमाधारकाला काहीही कळवू नये.

म्हणजे डेल्मरकाकांचा फोन बंद.

डेल्मरकाका त्या दोघींचे जुने मालक, अशाच एका मधल्या कचेरीचे. धान्याच्या कोठारांवर राबणाऱ्या माणसांचे दावे त्यांच्याकडे येत. दावा नामंजूर झाला, तर पत्र टाकायच्या आधी ते स्वतः फोन करत. लांब वायरीचा तपकिरी फोन खिडकीशी न्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे, मग नंबर फिरवायचे. पहिला प्रश्न ठरलेला, जेवलात का. मग मका कसा आहे, गाय व्याली का. आणि मगच वाईट बातमी, अपील कुठे करायचं, कागद कुठला जोडायचा. लव्हॉन कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन यायची. फोन संपेपर्यंत कुणी घास तोंडात घालत नसे. काका गेल्यावर कचेरी आर्डिथकडे आली आणि तो फोनही.

विरोधकांना बोलावलं तेव्हा आर्डिथ उठलीच नाही. लव्हॉनच्या तोंडावर विरोधात बसायचं तिच्या जिवावर आलं. आपल्या नेब्रास्कात हे असंच चालतं. माणूस पाय तुडवून गेला, तरी आपणच माफी मागतो. शेवटी ‘ना इकडचे ना तिकडचे’ म्हटल्यावर ती खुर्चीत जाऊन बसली. तोवर निम्मे आमदार घड्याळाकडे बघत होते.

तिने फोनचं सगळं सांगितलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हाला कायदा हवाय की नकोय? इतकं गोड बोललात, की मला कळेना."

लोक हसले. आर्डिथचे कान तापले.

"हवाय, साहेब," ती हळूच म्हणाली. "पण नकार आधी माणसाच्या तोंडून कळू द्या. पत्राचं पाकीट उघडताना घरातली बाई एकटी असते."

अध्यक्षांनी मागे बसलेल्या लव्हॉनकडे पाहिलं. ती म्हणाली, बघते. एवढंच.

बाहेर व्हरांड्यात लव्हॉनने तिला गाठलं. "विरोधात का नाही बसलीस गं? इथं शेवटच्या खुर्चीला कोण विचारतंय!"

"तू बसली होतीस ना तिथे."

लव्हॉन शेजारच्या बाकावर टेकली. मग तिने एक आठवण काढली. तिच्या वडिलांचा दावा नामंजूर झाला, तेव्हा काकांनी तिच्या आईला फोन केला होता. आई चुलीपाशी उभी राहून रडली, आणि रडून झाल्यावर अपिलाचा पत्ता लिहून घेतला. त्या फोनमुळेच लव्हॉन पुढे काकांकडे नोकरी मागायला गेली होती.

"मी ते कलम लिहिताना त्या ठगांचाच विचार केला," ती म्हणाली. "आईचा केलाच नाही."

पर्समधून चष्मा काढून तिने विधेयकाच्या प्रतीवर तिथेच एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली: मंजूर पत्र पाठवण्याआधी निर्णय आणि अपिलाची वाट फोनवरून सांगण्यास कचेरीला मुभा राहील. सोमवारी ती समितीला द्यायचं ठरलं. अध्यक्ष नाही म्हणणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

"जेवलात का, हे मात्र कायद्यात घालता येणार नाही बरं," लव्हॉन म्हणाली.

"ते नकोच घालूस. ते आम्ही विचारूच."

लव्हॉनने तिचा हात धरला. "मग मला विचार की. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

आर्डिथने पिशवीतून खसखशीच्या कोलाचेचा डबा काढला.