आत्याची एक ओळ

वाचनालयाच्या तळमजल्यावर, खळीचा वास मुरलेल्या खोलीत, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारं एक यंत्र होतं आणि त्याच्यासमोर आत्या. ती नेमकी कोणाची आत्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे म्हणून ग्रंथपाल बाईही म्हणायच्या. एकतीस वर्षं पुस्तकांची यादी तिनं पोटच्या लेकरासारखी सांभाळली. जुन्या काळी यंत्राला काम सांगायला लागायचा तो छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा हातून सांडलाच तर क्रम लावता यावा म्हणून कडेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढून ठेवायची, हे शिकलेली ती शेवटची माणूस.

आज बारा वाजता भंगाराची गाडी येणार होती. यंत्र गाडीत आणि आत्या दाराशी, वाचकांच्या पिशव्या सांभाळायच्या टेबलावर. तसा कागदच निघाला होता. आत्यानं सकाळी पडदा पुसला, देवाचं नाव घेतलं आणि कामाला बसली. रडायचं ते घरी, असं तिनं ठरवलं होतं.

साडेदहाला नवे साहेब दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. वरच्या मजल्यावरच्या नव्या संगणकांतली, रंगीत खिडक्यांची नवी यादी त्यांनीच आणलेली.

"आत्या, घोळ झालाय! लेखकाच्या रकान्यात पुस्तकाचं नाव गेलंय आणि पुस्तकाच्या जागी लेखक. एकानं मधमाश्यांवरचं पुस्तक मागितलं, तर यंत्र म्हणतं, लेखक श्री. मधमाश्यांची निगा!"

"किती पुस्तकं?"

"ब्याऐंशी हजार. कंपनीवाले म्हणतात, तीन आठवडे लागतील. आणि अकराला बाई वाचकांसमोर उद्घाटन करणार!"

"बसा. घाम पुसा."

आत्यानं यादी आपल्या यंत्रावर घेतली आणि एक ओळ लिहिली. अर्थ एवढाच, की प्रत्येक पुस्तकाचा पहिला रकाना दुसऱ्याच्या जागी ठेव, दुसरा पहिल्याच्या, आणि यादी तशीच जपून ठेव. एंटर दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. नुसता चौकोन लुकलुकत राहिला.

"काहीच बोललं नाही ते," साहेब कासावीस झाले.

"काम झालं म्हणून गप्प आहे. बिघडलं असतं तर बोललं असतं."

"निदान अभिनंदन वगैरे?"

"स्वतःचं काम केल्याबद्दल? मी पाणी पिऊन येते, मग वर पाठवू."

पाणी पिऊन ती आली, खात्रीसाठी यादीच्या पहिल्या पाच ओळी काढल्या. श्री. मधमाश्यांची निगा जागच्या जागी! झोपेतही जिची ही ओळ चुकली नसती, तिनं पाचही ओळी पुन्हा वाचल्या. म्हातारी झालो की काय आपण? पिशव्यांचं टेबलच बरं आपल्याला. देवा, शेवटच्या दिवशी तरी लाज राख रे.

मग तिनं यंत्रालाच विचारलं, आतापर्यंत तुला काय काय सांगितलं गेलं? यंत्र प्रामाणिक. त्यानं सगळं ओळीनं मांडलं. तिची ओळ, आणि तिच्याखाली तीच ओळ, पुन्हा, पुन्हा, सात वेळा.

"साहेब."

"अं?"

"हात लावलात?"

साहेबांचे कान लाल झाले. "काही होतच नव्हतं हो! वरचा बाण दाबला की तुमचीच ओळ परत येत होती. म्हटलं, लिफ्टचं बटण दाबतो तसं..."

"अहो, लिफ्ट एकदाच येते! हे बापडं सांगाल तितक्यांदा करतं. उलटं, सुलटं, उलटं, सुलटं. माझी एक, तुमच्या सात."

साहेबांनी बोटांवर मोजलं. "आठ. म्हणजे जिथल्या तिथे."

"आता हात खिशात घाला."

आत्यानं नवव्यांदा एंटर दाबलं. यंत्र गप्प. पहिल्या पाच ओळी बघून तिनं यादी वर पाठवली.

अकराला मधमाश्या पहिल्या फटक्यात सापडल्या. टाळ्या झाल्या. ग्रंथपाल बाई खाली आल्या त्या हसतच. "तीन आठवड्यांचं काम अर्ध्या तासात! साहेब, कसं जमवलंत?"

आत्यानं मान खाली घातली. कोण काय सांगणार, ते तिला माहीत होतं. नव्या माणसांना श्रेय लागतं, आणि वयच तसं असतं.

"आत्यांनी केलं," साहेब म्हणाले. "एका ओळीत. मी सात वेळा बिघडवलं."

"चार वेळा," आत्या घाईनं म्हणाली. "तीन वेळा नीटही केलंत की!"

बाईंना हसू आवरेना. तेवढ्यात दारात गाडीवाला. "न्यायचं यंत्र ते हेच का?"

साहेब मध्ये येऊन उभे राहिले. "बाई, हे राहू दे. आत्याही राहू देत. पिशव्यांवर मी बसतो, हवं तर."

"तुम्ही कशाला? पिशव्यांना खण करून घेऊ, कुलपं लावू." बाईंनी आत्याच्या टेबलावरचा बदलीचा कागद घेतला आणि फाडला. "आणि साहेब, रोज तासभर इथे बसायचं. शिकायला."

"मग मी काय रिकामा जाऊ?" गाडीवाला करवादला.

आत्यानं डोळे पुसले, टेबलाखाली वाकली आणि धूळ बसलेलं एक न फोडलेलं खोकं त्याच्या हातात दिलं. "दहा वर्षांपूर्वी मला माउस दिला होता. घेऊन जा बाबा, नवाकोरा आहे."