माल्ट्याची भरती

कोन गावच्या खाडीत उतरायचं तर म्हाताऱ्या नामाला विचारून, हा गावचा रिवाज. भरतीचं पाणी माणसाला काठाला आणून घालतं, ओहोटीचं ओढून नेतं. म्हणून भरती लागली की उतरायचं, ही नामाची शिकवण. त्याच्या शब्दावर दोन पिढ्यांची पोरं पोहायला शिकली आणि एकही बुडालं नाही. याचा म्हाताऱ्याला गर्व होता, आणि का नसावा? जमिनीवर गोडाऊन उभी राहिली, जाळी माळ्यावर पडली, उरला होता तो एवढाच मान.

मुलगा मितेश लग्न झाल्यावर हेमालीला घेऊन फिरायला गेला तो थेट माल्ट्याला. "गोवा बुडाला काय?" असं नामा म्हणाला खरा, पण धामणकर नाक्यावर जो भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला की पोरगा युरोपातल्या बेटांवर गेलाय.

रोज व्हिडिओ कॉल यायचा. एकदा केशरी वाळूचा किनारा दाखवला. मग कोमिनो नावाचं चिमुकलं बेट. तिथलं पाणी बघून मितेशची आई बायजाबाई म्हणाली, "अगो बाय, नील टाकलीय का काय कुनी!" त्यानंतर ती दोघं गोझो बेटावर कड्यांच्या कुशीत उतरली. दोन्हीकडे उभे खडक, मध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी आणि अंगणाएवढी गोट्यांची पुळण.

"बाबा, उतरू काय?" मितेशनं फोन पाण्याकडे वळवला.

तिकडं सकाळ होती. पाणी तेलासारखं संथ, गोरी पोरंबाळं मजेत डुंबत होती. नामानं फोन नाकाशी नेला. खडकांचे तळ उघडे दिसत होते, आणि खाडीला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना ती ओहोटी वाटली.

"न्हाय. पानी उतरलंय, आत वढंल. भरती लागू दे."

"अहो बाबा, सगळे पोहतायत!"

"सगल्यांचे बाप कोनचे न्हायत. थांब म्हनतो ना!"

मितेश हसला आणि थांबला. बापाचं ऐकणारं पोर होतं हो ते, तिथंच घात झाला.

इकडं दिवेलागण झाली, तिकडं दुपार होती, तेव्हा पुन्हा फोन वाजला. "बाबा, पाणी चढलं बघा!" वारा फोनमध्ये घोंघावत होता. पाणी खडकांच्या कमरेपर्यंत उसळत होतं. पुळणीवर आता दुसरं कुणी नव्हतं. सगळे का निघून गेले, हे नामानं विचारलं नाही.

"लागली भरती! आता जा बिनघोर. ती तुला काठालाच आनून घालंल."

मितेशनं फोन हेमालीच्या हातात दिला आणि पाण्यात शिरला. नामानं त्याचं डोकं वर आलेलं पाहिलं, एकदा, मग आणखी एकदा, लांबवर. मग हेमाली किंचाळली, पडद्यावर नुसतं आभाळ दिसलं आणि फोन तुटला.

पेटी विमानानं आली. सगळं कोन लोटलं. दहावा उरकला त्या दुपारी हेमाली ओटीवर येऊन सासऱ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही तिनं; चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

"बाबा, त्या समुद्राला भरती-ओहोटी नसल्यातच जमा आहे. वीतभर पाणी चढतं, बस. तिथल्या पोलिसांनी सांगितलं. ते वाऱ्यानं खवळलेलं पाणी होतं. सकाळीच पोहण्यासारखं होतं, आणि आम्ही भरतीची वाट बघत बसलो."

भरती नसलेला समुद्र? नामाला आधी रागच आला, की असा कसा असेल समुद्र! मग उमगलं. पोराला आपण मारलं. दुसऱ्या कुणी नाही, आपण.

"तुज्या सासूला सांगलंस?"

"मी नाही सांगणार," हेमाली उठत म्हणाली. "तुम्ही सांगा."

थोड्या वेळानं बायजाबाई कोरा चहा घेऊन बाहेर आली. नामानं मनाचा हिय्या केला. "बायजे, आईक. त्या दिशी मी त्याला..."

तिनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. शेजारी टेकली आणि उभ्या जन्मात ओटीवर कधी धरला नव्हता तो त्याचा हात हातात घेतला.

"ठाव हाय मना. उगाच जीव जालू नका. तुमी सकालचा ओहोटीत अडवला म्हनून माजा पोर दुपारपावत तरी जगला. दुसरा कोन बाप असता तर तेवढा पन मिलाला नसता त्याला."

नामा "हां" म्हणाला आणि त्यानं चहा घेतला.