बारावी वायर

हेमलता पोतनीस गेली त्या दिवशी तिचा उजवा हात घरीच राहिला, कारण ड्रोनचं वायरिंग अर्धं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. स्मशानातल्या नोंदवहीत नाव, वय, पत्ता एवढेच रकाने होते. हात किती, हे तिथे कुणी विचारत नाही. दहाव्याला कावळा पहिल्या फटक्यात शिवला आणि गुरुजी म्हणाले, बाईंची काही इच्छा मागे राहिली नव्हती. तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, त्यांना दक्षिणा दिली. इच्छा घरी शिलाई मशीनच्या खणात होती, मनगटापर्यंत, दोन हिरव्या बांगड्यांसकट.

ड्रोन तिचाच. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या बाईने तळहाताएवढा ड्रोन शर्यतीत उडवायचं मनावर घ्यावं, हे गल्लीत कुणालाच पटलं नव्हतं. गल्लीला कुणी विचारलंही नव्हतं. उडवणार ती, जोडणार दिगंबर. रेडिओ दुरुस्तीत त्याचा जन्म गेला होता. चार मोटरी, प्रत्येकीला तीन वायरी. त्याच्या एका हातात तापलेली सोल्डरगन असायची, दुसऱ्यात वितळवून जोड घालायची सोल्डरची तार. वायर जागेवर धरायला तिसरा हात लागतो. तो तिचा.

आताही रोज पाचला, चहा झाला की, खण सरकायचा. हात टेबलावर यायचा, चिमटीत वायर धरायचा आणि करंगळीने दोनदा टकटक करायचा. पूर्वी त्या जागी, लाव आता म्हणून, ती नुसतं ‘हं’ म्हणायची.

अकरा वायरी बसल्या तेव्हा दिगंबरच्या ध्यानात आलं की, बारावी बसली की हाताला घरी थांबायला निमित्त उरणार नाही. म्हणून त्याने बारावी कच्ची जोडली. बोट लागताच ती सुटली. हात खणात परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पाचला हजर झाला.

सुटलेल्या वायरीचं जळकं टोक कापावं लागतं, तांदळाएवढं. तिसऱ्या खेपेला त्याला दिसलं की ही वायर कापली की त्याच प्रमाणात घरातल्या सगळ्याच वायरी आखूड होतात. बैठकीतला दिवा छताला जाऊन चिकटला. टेबलफॅन सॉकेटला लोंबकळू लागला. सोल्डरगन ड्रोनच्या बोर्डापर्यंत पोचेना, तेव्हा दिगंबरने टेबल भिंतीला लावलं, पुढच्या आठवड्यात खुर्ची कोपऱ्यात कोंबली. नवी वायर जोडून लांबी वाढवायचाही प्रयत्न त्याने केला. हाताने ती खाली टाकली. गाठ मारून जोडलेला दोरा हेमलताने आयुष्यात कधी सुईत ओवला नव्हता.

हेमलताची थोरली बहीण वत्सलाताई महिनाभर सोबतीला आली होती. चटणी वाटताना तिला मिक्सर भिंतीशी छातीला कवटाळून धरावा लागे.

“किती राहिल्या, दिगंबरराव?” तिने विचारलं.

“एकच.”

“परवाही एकच होती.”

“ती निघाली.”

“निघाली, का काढलीत?”

दिगंबरने चष्मा पुसला.

“मला हाताचं काही नाही,” वत्सलाताई म्हणाली. “गरीब आहे. काल मला शेंगा सोलू लागला. पण ती तिकडे वेणी कशी घालत असेल? एका हाताने वेणी पडत नाही.”

“तिकडे कुणीतरी घालून देत असेल.”

“कोण देणार? आमची आई? तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. तशीच गेली ती.” तिने मिक्सर खाली ठेवला; तो सॉकेटलाच टांगून राहिला. “आणि हेमाला वेणीशिवाय काही खपत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. लग्नातसुद्धा तिने अंबाडा घालू दिला नव्हता.”

दिगंबरला ठाऊक होतं. त्या रात्री त्याने तिचा कंगवा धुऊन वाळत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाचला तो कोपऱ्यात शिरला तेव्हा दोन्ही खांद्यांना भिंती लागत होत्या. बोर्डावरची, वायर जिथे बसते ती तांब्याची टिकली पुनःपुन्हा तापून सोलली होती. आता ती एका जोडापुरतीच उरली होती. वायरही. हाताने ती चिमटीत धरली तेव्हा नखांपुढे तांब्याचा नुसता ठिपका दिसत होता.

त्याने गन टेकवली, सोल्डर लावलं. ते लगेच वितळलं, टिकलीभर पसरलं आणि वायरीवर चढलं. एवढा सुरेख जोड त्याच्या हातून कित्येक वर्षांत झाला नव्हता. आता फक्त गन उचलायची. दोन श्वासांत सोल्डर थिजतं, आणि तोवर जोड हा जोड नसतो, काम संपलेलं नसतं.

त्याने गन उचलली नाही.

उष्णता तांब्यातून चिमटीत चढू लागली. नखं पांढरी झाली, मग कडेने पिवळी.

“दिगंबरराव,” वत्सलाताई दारातून म्हणाली, “उचला.”

“हो,” तो म्हणाला.

सोल्डरमधल्या राळेचा धूर वर आला आणि त्यात दुसराही एक वास होता. सोल्डरचा थेंब आरशासारखा चकाकत राहिला. चिमटीने वायर तसूभरही हलू दिली नाही.