पाठ नसलेलं भाषण

“आवाज पोटातून काढ. गळ्यातून काहून काढतं?” उज्ज्वला मॅडमनी अंजूचा हात वर धरला आणि मूठ वळवून दिली. “हं, आता म्हण. बालविवाह ही समाजाला लागलेली कीड आहे.”

अंजूनं म्हटलं. ‘कीड’ला मूठ बरोबर खाली आली.

दारव्ह्याहून काळीपिवळीत अंग चोरून बसत रोज बंजाऱ्यांच्या तांड्यावर येणाऱ्या या बाईंना भाषणांचं वेडच होतं. व्यसनमुक्ती, शौचालय, झाडं. शाळेतलं प्रत्येक पोर कशावर ना कशावर बोललेलं, आणि सगळी हुबेहूब मॅडमसारखी बोलायची. तालुक्यातून ढाली आल्या. दारू होती तिथंच राहिली.

या खेपेला मात्र विषय घरातलाच होता. अंजूची थोरली बहीण संगीता दहावीत होती, आणि ऊसतोडीला निघायच्या आधी तिचं लग्न उरकायचं ठरलं होतं. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून मुकादमालाही जोडपीच हवी असतात. मॅडम तिच्या बापाला, पूनमसिंगला, भेटल्या आणि कायदा सांगितला. त्यानं बाजेवर बसवून चहा पाजला. मग म्हणाला, “नायकासमोर जबान देल्ली, मॅडम. आता बोलून काय फायदा?” संगीता चुलीपाशी खाली मान घालून ऐकत होती.

आपलं नाही तर पोरीचं तरी ऐकेल, म्हणून मॅडमनी अंजूला भाषण लिहून दिलं.

बालदिनाला सेवालाल महाराजांच्या देवळापुढं सतरंज्या पडल्या. तांड्याचा प्रमुख, नायक डोंगरसिंग, खुर्चीवर, पुरुष पुढं, बायका घुंगट ओढून मागं. अंजू माइकपुढं आली. “आदरणीय व्यासपीठ,” म्हणाली, आणि तिला समोर बाप दिसला. पुढचं काही येईना. मॅडम खालून ओठ हलवून सांगत होत्या, कीड, कीड. पण बापाच्या तोंडावर कीड कसं म्हणायचं, हे त्यांनी शिकवलंच नव्हतं.

अंजू माइक सोडून खाली उतरली. पोरगी रडून मागं जाऊन बसणार, असं मॅडमना वाटलं. ती पुरुषांमधून वाट काढत गेली, डोक्यावर ओढणी ओढली, बापाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सुरात रडू लागली.

तो ढावलो होता. सासरी निघालेली नवरी माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून गाते, तो. तांड्यात तो कोणी मध्येच थांबवत नाही, आणि ज्याच्या गळ्यात नवरी पडते त्यानं जागचं हलायचं नसतं. संगीताचा ढावलो आज अंजू गात होती.

मॅडमना गोरमाटी बोली निम्मीच कळायची. तरी एवढं कळलं: बापू, मला उंबऱ्याबाहेर काढू नको, माझी पुस्तकं अजून नवीन आहेत. बापू, माझ्या हाती कोयता देऊ नको, माझं मनगट अजून बारीक आहे. मागून म्हाताऱ्या जमनीनं, अंजूच्या आजीनं, सूर धरला. मग एकेका घुंगटातून तोच सूर येऊ लागला. नायकानंही मान खाली घातली.

इतकी पोरं मॅडमनी बोलती केली होती, पण शब्द माणसाला असा जागच्या जागी धरून ठेवतो, हे त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. यातलं आपण काहीच शिकवलेलं नाही, हे त्यांना कळलं. त्याचं वाईट वाटलं नाही. या एवढ्याशा पोरीपुढं हात जोडावेत असं वाटलं.

ढावलो संपला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नायकानं मान वर केली आणि मुलाकडच्या पावण्यांकडे माणूस धाडतो म्हणाला. दिलेला शब्द मोडायचा तर निरोप नायकाचाच जातो.

“नको, नायक,” पूनमसिंग म्हणाला. “जबान मी देल्ली. मान खाली घालून मीच जातो.”

त्यानं गळ्यातले अंजूचे हात हळूच सोडवले. डोक्यावरचा पटका उतरवून काखेत धरला आणि भर उन्हात, सगळ्या तांड्यादेखत, बोडक्या डोक्यानं सडकेकडे निघाला. तो जवळून जाईल तसा एकेक पुरुष सतरंजीवरून उठून उभा राहत गेला.