आतलं कापड

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंबरा मोजल्या, पण स्वतःच्या कंबरेला कधी टेप लावली नाही. "स्वतःचं माप घ्यायला वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाचं माप चुकतं," असं ते म्हणत. बेल्टही त्यांनी कधी वापरला नाही. बेल्ट म्हणजे शिंप्याने मानलेली हार, हे त्यांचं ठाम मत. मास्तरांचं एखादं मत ठाम नाही असं त्यांच्या लेकीने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

म्हणून केमो सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली तपकिरी पॅन्ट खुर्चीवर काढून ठेवली आणि लेकीला बजावलं, "दर खेपेला हीच घालून येणार. ही ज्या दिवशी बेल्ट मागेल, त्या दिवशी केमो बंद. तुझ्या आईच्या आजारपणात तिचे कपडे मी शिवण मारून किती वेळा आत घेतले, तू पाहिलंयस. मला तसं व्हायचं नाही."

लेकीने पाहिलं होतं. आईच्या अंगावर कपडा लोंबलेला दिसू नये म्हणून हा माणूस दुकान आवरल्यावर पुन्हा मशीनवर बसायचा. शेवटचा कपडा आत घेऊन झाला, तेव्हा तो घालायला ती उरली नव्हती. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. लेक "बरं" म्हणाली आणि मनातून हादरली.

पहिल्या केमोनंतर मास्तरांचं जेवण चार घासांवर आलं. पाणीसुद्धा खिळे चोखल्यासारखं लागतं, अशी तक्रार सुरू झाली. आठवड्याभरात लेकीच्या लक्षात आलं की ती पॅन्ट आता काही कंबरेवर टिकायची नाही. मग एका दुपारी मास्तरांचा डोळा लागलेला पाहून तिने कपाटातून ती काढली आणि आपल्या कामाच्या जागी नेली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दोन शिकवण्यांच्या मधे ऑफिसात बसून तिने मागची शिवण हाताने आत घेतली. शिंप्याची लेक असूनही तिचा एक टाका एकीकडे, तर दुसरा भलतीकडे. बाहेरून दिसत नाही ना, यावर तिने समाधान मानलं.

पुढच्या खेपेला मास्तरांनी कंबरेवर थाप मारली. "बघ, जागच्या जागी आहे. डॉक्टर उगाच वजनाचं रडगाणं गातात."

लेकीचा जीव भांड्यात पडला.

तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकाऊ माणसाने घोळ घातला तर शिकवणाऱ्याला दाबता यावा म्हणून. हॉस्पिटलला जाताना त्या सीटवर मास्तर बसत आणि रस्ताभर तिच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत. "ड्रायव्हरसाहेब, मागून सायकल पुढे गेली बघा," असं काहीबाही. तिसऱ्या खेपेला मात्र ते गप्पच होते. हॉस्पिटलचं फाटक दिसलं आणि गाडी गचकन थांबली. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, जणू तो पाय दुसऱ्याच कोणाचा होता.

"बाबा, ब्रेकवरचा पाय काढा."

"मांजर आडवं आलं."

"कुठंय?"

"गेलं ते."

मांजरबिंजर काही नव्हतं. माणूस घाबरला होता. उतरताना त्यांनी एका हाताने पॅन्ट धरलेली लेकीने पाहिली आणि तीही घाबरली. दोनच दिवसांत तिने ती पुन्हा आत घेतली. या वेळी आत कापडाचा एवढा जाड गोळा झाला की तिने कात्री घेतली आणि जादा कापड कापून टाकलं.

चौथ्या खेपेला मास्तरांनी ब्रेकला पाय लावला नाही. वॉर्डातल्या खुर्चीत बसले, नर्सने सुई लावली, थेंब पडायला लागले. मास्तर मात्र खुर्चीत चुळबुळत राहिले.

"दुखतंय का आजोबा?" नर्सने विचारलं.

"हात नाही हो. मागे टोचतंय."

नर्स गोंधळून पुढच्या खुर्चीकडे गेली. मास्तर लेकीकडे वळले. "कापलंस ना?"

"काय?"

"शिवणीच्या आतलं कापड. मागच्या वेळी दुमडून ठेवलं होतंस. बसायला त्रास व्हायचा, पण कापड होतं. आता नुसत्या कडा टोचतायत."

लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"अगं, झोपेत बोट फिरवलं तरी कळेल अशी शिवण आहे तुझी. दोनदा उसवली. मीच गुपचूप टाके घातले. भर वॉर्डात पॅन्ट गळली असती, तर नाव माझ्या दुकानाचं गेलं असतं."

लेकीला हसू आलं नाही. इतके दिवस ज्याची धास्ती होती, ते आता समोर येऊन बसलं होतं. तिने धीर करून विचारलं, "मग केमो बंद का नाही केलीत? पॅन्टने बेल्ट मागितला की बंद, असं ठरलं होतं."

"मागितला कुठे? तू मागू दिलास का?"

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही.

"हळू रड. नर्सबाईंना वाटेल मी चिमटा काढला." मास्तर नळीतल्या थेंबांकडे बघत म्हणाले, "आत घेताना कापड कापायचं नसतं, लहानपणापासून सांगतोय तुला. तुझ्या आईचंसुद्धा मी कधी कापलं नाही. तिचं परत सैल करायची वेळ आली नाही, ती गोष्ट वेगळी. पण माझं अंग भरलं की ही पॅन्ट मी सैल कशातून करू? तुझ्या डोक्यातून?"

लेकीने डोळे पुसले आणि पर्स उघडली. कापलेली ती तपकिरी पट्टी टाकून द्यायला तिचा हात धजला नव्हता. गेले कित्येक दिवस ती किल्ल्यांच्या खाली तशीच पडून होती.

मास्तरांनी सुई नसलेला हात पुढे केला. पट्टी बोटांत धरून उलटसुलट पाहिली, कात्री किती वाकडी चालवलीस म्हणून मान हलवली, आणि नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

"घरी गेल्यावर जोडून घेतो," ते म्हणाले. "लागेल मला."